फणसाच्या फांदीची मुदत

माझ्या कोंबडीने एकदा अण्णांच्या अळवाचा वाफा उकरला. पाच महिन्यांनी, मी ते साफ विसरल्यावर, अण्णा आमच्या दोन परसांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन उभे राहिले. "सुषमा गो, एक म्हयनो ऱ्हवलो हां."

मला वाटलं, म्हातारा कुणाच्या तरी लग्नाची आठवण करतोय. छे! माझ्या कोंबडीवर फिर्याद करायची मुदत संपायला एक महिना उरला होता, एवढं सांगायला ते उन्हातून आले होते. "नुसतो दंडाचो गुन्हो. सहा म्हयने. मगे तुझी कोंबडी सुटली. निर्दोष नाय हां, नुसती सुटली."

अण्णा आमचे शेजारी, कोर्टातले रिटायर शिरस्तेदार. आलेल्या कागदावरची तारीख बघायची आणि तो मुदतीत आहे की मुदतबाह्य ते सांगायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. घरी बसले, पण बोटं अजून दिवस मोजतात. दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं, आणि त्याच्या वर गेलं की मुदतच नाही. आमच्या वाडीतल्या म्हशींनासुद्धा हे पाठ झालंय.

माझ्या नणंदेने न विचारता माझी चांगली विळी उचलून नेली. मी चार वर्षं तोंड दाबून बसले आणि एक दिवस अण्णांकडे रडगाणं गायले. अण्णा म्हणाले, "चोरी. तीन वर्सां. गेली तुझी विळी. आधी खंय झोपलेलंस?" दुसऱ्यांदा नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा मी ओट्यावरून ओरडले की ह्या माणसाचा एक दिवस मी जीव घेणार. लगेच गडग्यापलीकडून आवाज आला, "खुनाक मुदत नाय गो! पन्नास वर्सांनी पण धरतले. त्यापेक्षा आज कालवणात मीठ घालू नको." मी खरंच घातलं नाही. माझ्या खानावळीतल्या चार पर्यटकांनीही तेच अळणी कालवण मुकाट्याने खाल्लं, बिचारे!

अण्णांच्या पलीकडच्या घरात इनास मास्तर. शाळेतून रिटायर झालेले, बायको गेलेली, एकुलती मुलगी मडगावला. अण्णा आणि मास्तर रोज संध्याकाळी गडग्यावर बसून गजाली मारायचे. एक बोलला की दुसरा त्याला खोडून काढायचा, आणि दोघेही खूश!

मग काकी गेल्या. काकी म्हणजे अण्णांची बायको. परसातला फणस त्यांनी लग्नाच्या वर्षी लावलेला. त्याची एक दांडगी फांदी मास्तरांच्या कौलांवर गेली होती. अण्णा मुंबईला मुलाकडे गेले असताना मास्तरांनी ती तोडली. अण्णा परत आले, फांदीचा खुंट बघितला, आणि एवढंच म्हणाले, "आगळीक. तीन वर्सां." त्या दिवसापासून बोलणं बंद.

तीन वर्षांचा शेवटचा दिवस आला. सकाळीच अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाईल मारून मालवणच्या एसटीत बसले. संध्याकाळी परतले ते पिशवीत बांगडे घेऊन. फिर्याद फाईलमध्ये जशीच्या तशी.

"काय झालं अण्णा?"

"पेन चालूक नाय," अण्णा म्हणाले. खिशाला तीन पेनं होती.

म्हटलं, चला, मुदत संपली, आता तरी बोलतील. कसलं काय! आणखी तीन वर्षं तशीच गेली. मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णांनी माझ्या हातात गऱ्यांचं ताट दिलं. "तुझे म्हणान दी. माझा नाव घेव नको." मास्तरांनी एक गरा तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे गरे मी वळखतंय गो." ताट चाटूनपुसून रिकामं केलं, पण हाक काही मारली नाही. दोन म्हातारे, दोन रिकामी घरं, मधे कमरेएवढा गडगा! मला दोघांचाही संताप यायचा.

शेवटी मुलीने ठरवलं, मास्तरांना मडगावला न्यायचं आणि घर बंद करायचं. सामानाचा टेम्पो रविवारी बारा वाजता येणार होता. मी वाटेसाठी घावण्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले, तर पाठोपाठ दारात अण्णा. तोच इस्त्रीचा शर्ट, हातात एक कागद.

"इनास, तुझो गुन्हो कधीच मुदतबाह्य झालो. हो कागद माझ्यावरचो आसा."

"तुझ्यावर? कसलो?"

"सहा वर्सां शेजाऱ्याक आवाज देऊक नाय. हो चालू गुन्हो. रोज करतंय, म्हणान ह्येची मुदत रोज नव्यान सुरू जाता. आज तू गेलंस काय तो माका जन्माचो चिकाटतलो."

मास्तरांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. "सगळा लिवलंस," ते म्हणाले. "उशिराचा कारण लिवूक नाय."

"लाज वाटली रे," अण्णा म्हणाले. "तुझो खोकलो माका घरात आयकाक येय. एका हाकेर होतंस. हाक मारूची लाज वाटली."

मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "माका पण वाटली," ते म्हणाले. "फांदी तोडताना वहिनीची आठवण झाली नाय माका. संध्याकाळी झाली."

माझ्याने तिथे उभं राहवेना. डबा ठेवला आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडले. टेम्पो बाराला आला. दोन वाजले तरी दोघे बोलायचे थांबेनात, म्हणून टेम्पोवाल्याला मी माझ्याकडे नेऊन जेवायला वाढलं.