आवारातली टेकडी

जयपूरच्या मरुप्रदेश सांख्यिकी संचालनालयातले वरिष्ठ सहायक रंगनाथ बिडवे याला एक खोड होती. तो दर रविवारी सहकुटुंब चालायला जाई. बसने सूरजपोल वेशीपर्यंत जायचं, तिथून गलताजीच्या डोंगराची पायवाट धरायची, वर देवळापाशी बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि उन्हं चढायच्या आत खाली उतरायचं. बरोबर बायको विभा, नऊ वर्षांची जयंती आणि साताऱ्याहून आलेली त्याची सदुसष्ट वर्षांची आत्या, आक्काबाई. आक्काबाई सगळ्यांच्या पुढे असे. वाटेत माकडं आडवी आली की ती काठी आपटून म्हणायची, “सरकारी नोकरी नाय, काय नाय, आन् वाट आडवत्यात!”

या गोष्टीची कार्यालयाला कित्येक वर्षं कल्पना नव्हती, त्यामुळे ती सुरळीत चालू होती.

१९८७ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून परिपत्रक आलं. दिल्लीचे कोणी वरिष्ठ अधिकारी इंग्लंडच्या अभ्यासदौऱ्यावरून परतले होते. तिथे माणसं बायकामुलांना घेऊन चालतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी, मोटारीतून पाहिलं होतं. परिपत्रकात म्हटलं होतं की कर्मचाऱ्यांच्या कौटुंबिक स्वास्थ्यासाठी प्रत्येक कार्यालयाने डिसेंबरअखेर एक ‘कुटुंबस्नेही पदभ्रमण’ आयोजित करावं आणि मार्गात (अ) वन, (ब) कालवा व (क) टेकडी यांचा अनिवार्यपणे समावेश असावा.

सहसंचालक भगवानसहाय यांनी रंगनाथला बोलावून घेतलं.

“रंगनाथजी, तुम्ही दर इतवारी डोंगर चढता म्हणे?”

रंगनाथ चोरी पकडली गेल्यासारखा उभा राहिला. “हो साहेब. म्हणजे, फक्त सुट्टीच्या दिवशी.”

“उत्तम! आजपासून तुम्ही मार्ग-अधिकारी. अधीक्षकाची जागा रिकामी होते आहे, हेही तुमच्या ध्यानात असेलच.”

ते रंगनाथच्या ध्यानात गेली चार वर्षं होतं. तो त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेला. आपल्या पायांचं कधी चीज होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

पहिल्याच बैठकीत त्याने गलताजीची वाट सुचवली. जंगल आहे, डोंगर आहे, लहान मुलंही सहज चढतात.

“आणि कालवा?” भगवानसहायांनी विचारलं.

“कालवा नाही, साहेब. पण पलीकडे उतरलं की कुंडं आहेत. बारमाही पाणी.”

“परिपत्रकात कुंड आहे?”

“नाही.”

“मग कुंड नाही.”

उपसमिती नेमली गेली. तिने तीन आठवड्यांत असा निष्कर्ष काढला की जयपूर जिल्ह्यात वन, कालवा व टेकडी एका ओळीत आढळत नाहीत. शिवाय गलताजीचा डोंगर या कार्यालयाच्या मालमत्ता-नोंदवहीत नाही. नोंदवहीत नसलेल्या डोंगरावर कोणाचा पाय मुरगळला, तर तो कोणत्या नियमाखाली मुरगळला असं समजावं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. रंगनाथ म्हणाला, “साहेब, तिथे इतक्या वर्षांत कोणाचा पाय मुरगळलेला मी पाहिला नाही.” त्यावर लेखाधिकाऱ्यांनी “नकारात्मक पुरावा ग्राह्य नाही” अशी टीप लिहिली.

उरला एकच प्रदेश, ज्यावर कार्यालयाचं पूर्ण अधिकारक्षेत्र होतं. सी-स्कीम भागातल्या इमारतीच्या मागचं आवार.

कालवा खणायचं काम देवराम माळ्याकडे आलं. देवराम चाकसूचा. पाऊस रुसल्याचं ते तिसरं वर्ष होतं आणि त्याच्या गावच्या विहिरींत दगड दिसत होते. साठ फूट लांब, दोन फूट खोल असा चर त्याने आठवडाभरात खणला आणि कुदळ टेकवून विचारलं, “साहेब, ही माती कुठे टाकू?”

मग भगवानसहायांचे डोळे हळूहळू विस्फारले. “टेकडी!” ते म्हणाले.

अशा रीतीने साडेनऊ फुटांची टेकडी उभी राहिली. वनासाठी व्हरांड्यांतल्या अडतीस कुंड्या आणून ओळीने मांडल्या. त्यात निम्मे निवडुंग होते, पण परिपत्रकात वनस्पतीची जात नमूद नव्हती. एकूण मार्ग एकशे बारा पावलांचा भरला. भगवानसहायांच्या पावलांनी नव्वद.

मग आणखी दोन आदेश निघाले. पहिल्यानुसार, उद्घाटनापूर्वी कर्मचाऱ्यांनी अन्यत्र केलेलं चालणं ‘मानकबाह्य’ समजलं जाईल व त्याची नोंद गोपनीय अहवालात होईल. दुसऱ्यात ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या होती: स्वतः, पत्नी, दोन अपत्यं व अवलंबून असलेले आईवडील. आत्या त्यात नव्हती.

रंगनाथने रविवार बंद केला. “महिनाभराचाच तर प्रश्न आहे,” तो विभाला म्हणाला. “एकदा अधीक्षक झालो की मग आयुष्यभर चालू.”

“अधीक्षक झाल्यावर पाय वेगळे मिळतात का?” विभाने विचारलं.

आत्याला सांगायचं धैर्य त्याला तीन दिवस झालं नाही. सांगितलं तेव्हा ती निवांतपणे वाती वळत होती.

“म्हंजे मी तुझ्या घरची न्हाई?”

“घरची आहेस गं आत्या. कुटुंबातली नाहीस. नियमाप्रमाणे.”

“तुझी आई गेली तवा तुला कुणी अंघूळ घातली, ते इचार त्या नियमाला,” ती म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली. रंगनाथला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण आक्षेप नोंदवण्याचा विहित नमुना उपलब्ध नव्हता.

डिसेंबरातल्या एका रविवारी पदभ्रमण ठरलं. सकाळी सातला दोन टँकर आले आणि कालवा भरू लागला. देवराम बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत उभा होता. शेवटी तो भगवानसहायांपाशी गेला. “साहेब, कार्यक्रम झाला की यातलं एक टँकर पाणी आमच्या गावाकडे...”

“देवराम,” भगवानसहाय समजुतीने म्हणाले, “हे पिण्याचं पाणी नाही. हे परिपत्रकाचं पाणी आहे.”

पिण्याचं आणि परिपत्रकाचं पाणी यांतला भेद मागच्या वस्तीतल्या बायकांना मात्र कोणी कळवला नव्हता. टँकरचा आवाज ऐकून दहा-बारा जणी पडक्या कुंपणातून घागरी घेऊन आत शिरल्या आणि पाहता पाहता कालव्याची पातळी चार बोटं उतरली. दिल्लीचे निरीक्षक नऊला येणार होते.

“मार्ग-अधिकारी!” भगवानसहाय ओरडले. “काय बघताय?”

रंगनाथच्या गळ्यात शिट्टी होती. तो धावत गेला. एका म्हातारीने घागर अर्धी भरली होती. तिने मान वर केली आणि हात जोडले. “बाबूजी, बस, ये एक भर लेने दो.”

म्हातारीचं वय आत्याइतकंच असेल. रंगनाथने क्षणभर डोळे मिटले, आणि शिट्टी फुंकली. मग त्याने तिच्या हातातली घागर घेतली आणि ते पाणी परत कालव्यात ओतलं. रिकामी घागर त्याने अगदी अदबीने तिला परत दिली.

मागे वळला तर फाटकापाशी विभा आणि जयंती उभ्या होत्या. आक्काबाई फाटकाबाहेर होती. रखवालदाराने यादीत नाव नाही म्हणून तिला थांबवलं होतं. तिघींनीही पाहिलं होतं.

“बाबा,” जयंतीने विचारलं, “त्या आजीला पाणी का नाही दिलं? मतलब, ते कोणासाठी आहे?”

“पदभ्रमणासाठी, बेटा.”

“पण ते तर चालण्यासाठी आहे ना? पाण्यात कोण चालणार?”

विभाने जयंतीचा हात धरला, फाटकाबाहेर गेली आणि आक्काबाईला म्हणाली, “चला आत्या. सूरजपोलची बस अजून मिळेल.” आक्काबाईने काठी उचलली. रंगनाथ दोन पावलं त्यांच्यामागे गेला. तेवढ्यात निरीक्षकांची गाडी आली.

पदभ्रमण अपूर्व यशस्वी झालं. सहसंचालकांच्या पत्नी प्रतिमाजी यांनी फीत कापली. चालण्याचे फायदे या विषयावर पावणेदोन तास भाषणं झाली. ती सर्वांनी खुर्च्यांवर बसून ऐकली. नंतर एकवीस कुटुंबं वनातून, काठाकाठाने कालव्याला वळसा घालून, टेकडीवर चढली आणि साडेतीन मिनिटांत उतरली. मार्ग-अधिकाऱ्याचं स्वतःचं कुटुंब गैरहजर असल्याचं निरीक्षकांच्या लक्षात आलं, तेव्हा भगवानसहाय म्हणाले, “ते पुढे निघून गेलं आहे.” निरीक्षकांनी ‘उत्साह उल्लेखनीय’ असा शेरा मारला. परतताना गाडीतून त्यांना लांबवर डोंगरांची रांग दिसली. “ते काय?” त्यांनी विचारलं. “त्याला अजून मान्यता नाही,” भगवानसहायांनी सांगितलं.

मार्चमध्ये रंगनाथ अधीक्षक झाला. आदेश हातात आला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला. पद होतं ‘अधीक्षक (टेकडी)’. कामाचा दिवस: रविवार. इतर कार्यालयांतली कुटुंबं आता चालायला इथेच येणार होती, आणि त्यांना प्रमाणपत्र देण्यासाठी कोणीतरी हवं होतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिघी दशम्या बांधून गलताजीला जातात. सुरुवातीला जयंती विचारायची, “बाबा, येता?” मग तिने विचारणं सोडलं. रंगनाथ नऊ वाजता मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी खुर्ची मांडतो. कालव्यात आता टँकरही येत नाही. तळाशी निळा रंग दिला आहे. तरी रांग वाढतेच आहे. बँकांतले येतात, विम्यातले येतात, महाराष्ट्र मंडळ तर दोन बस करून आलं होतं. माणसं मोटारीतून उतरतात, पोरांना वर उभं करून फोटो काढतात, प्रमाणपत्राची घडी खिशात घालतात आणि समाधानाने घरी जाऊन झोपतात. त्यांतल्या एकानेही आजवर रंगनाथला विचारलेलं नाही की खरा डोंगर कुठे आहे.

रंगनाथचं हसू येणाऱ्यांनी खुशाल हसावं. हसण्यासाठी खुर्चीतून उठावं लागत नाही.