दुसऱ्या बाजूचं रेलिंग

चौरे काकांनी आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाला पास केलं तेव्हा मी तिथं हजर होतो. आधी त्यांनी खोडाला टेप गुंडाळला. मग काखेतलं जाडजूड स्पायरल बाइंडिंग उघडून एका पानावर बोट ठेवलं, झाडाकडे आणि पानाकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि खिशातून पुठ्ठ्याचा हिरवा टॅग काढून सुतळीनं फांदीला बांधला. टॅगवर लिहिलं होतं, 'ओके'. झाडाखालचा सिमेंटचा बाक मात्र अडकला. पुस्तकात बाक दोन होते, जागेवर एक. "दुसरा येईस्तोवर ह्याला होल्डच," असं म्हणत काकांनी बाकावर बसलेल्या माणसाला उठवलं आणि पिवळा टॅग लावला. तो उठवलेला माणूस मी.

ते स्पायरल बाइंडिंग म्हणजे महापालिकेचं अंदाजपत्रक. दर वर्षी ते वेबसाइटवर आलं की काका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आख्खं छापून घेतात. दुकानदाराला पहिल्या वर्षी वाटलं, काका एमपीएससीला बसतायत.

काका मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. क्वालिटी इन्स्पेक्टर. माल बरोबर असेल तर हिरवा टॅग, शंका असेल तर पिवळा, बाद असेल तर लाल. रिटायर झाल्यावर लोक बागेत फिरतात, नातवंडं सांभाळतात. काका आमचं अख्खं पिंपळे गुरव तपासतात. टॅग मात्र त्यांनी स्वतःच्या पैशानं छापून घेतले आहेत. कंपनीतून त्यांनी साधी टाचणी घरी आणलेली नाही.

"ड्रॉइंगला काय म्हटलंय?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. कारखान्यात आधी ड्रॉइंग असतं, मग त्याबरहुकूम जॉब, म्हणजे तो सुटा भाग, बनतो. ड्रॉइंगच वाचता आलं नाही तर जॉब बरोबर की चूक कसं कळणार? शहराचं ड्रॉइंग म्हणजे बजेट. ते आपण वाचत नाही आणि मग रस्त्यावर उभं राहून शिव्या देतो, असं त्यांचं म्हणणं. हाच प्रश्न ते लग्नाच्या पंगतीतही विचारतात. पत्रिकेत 'सायंकाळी साडेसहा' छापलेलं असताना अक्षता सव्वाआठला पडल्या, म्हणून एका नवरदेवाच्या बापाला त्यांनी बाजूला घेतलं होतं.

दर रविवारी अकरा वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काकांचा बजेटचा वर्ग भरतो. पट सहा, हजेरी तीन. त्यात कोपऱ्यावरचा पंक्चरवाला शकीलभाई हा हुशार विद्यार्थी, आणि माझी आई ही खुर्ची मिळते म्हणून येणारी विद्यार्थिनी.

"हे लेखाशीर्ष म्हणजे काय, काका?" शकीलभाई विचारतो.

"पार्ट नंबर. टायरवर न्हाई का साइज लिहिलेली असती? तसं."

"आणि तरतूद?"

"तरतूद म्हणजे डब्यात भाजी भरली. खाल्ली का, ते खर्चाच्या रकान्यात बघायचं. लोक डबा बघूनच ढेकर देतेत."

"आणि ही टोकन तरतूद?"

"नुसती सुपारी फोडली. लग्न कवा, ते विचारू नका."

हे सगळं छानच आहे. फक्त मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिच्यात मी फोन घ्यायला बाहेर गेलो, तेवढ्यात झालो. माझा स्वभाव मुळात भित्रा. दारावरची बेल दोनदा वाजली तरी मला धडधडतं. आणि काकांनी कशाला टॅग लावला की फोन मला येतो. "सेक्रेटरी, तुमच्या म्हाताऱ्यानं आमच्या खांबाला काय बांधलंय?" मी "बघतो, बघतो" म्हणतो, आणि पुढचे दोन दिवस खिडकीतून खाली कोण उभं आहे ते बघत बसतो.

एका वर्षी महापालिकेनं नागरिकांकडून कामं सुचवणारे फॉर्म मागवले. काकांनी वर्गात सगळ्यांना एकेक फॉर्म दिला. मी लिहिलं, 'शहराचा सर्वांगीण विकास व्हावा.' काकांनी तो मला परत दिला. "ह्याचं माप कसं घ्यायचं?" आईनं मात्र लिहवून घेतलं की दवाखान्याच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. तिला दर गुरुवारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तिथं जावं लागतं. गुडघे गेलेले, आणि डावा खांदा आखडल्यामुळे डाव्या हातात जोर नाही.

पुढच्या अंदाजपत्रकात ते काम आलं. खरंच आलं! 'दवाखान्याच्या प्रवेशास रॅम्प करणे व दोन्ही बाजूंस रेलिंग बसविणे.' काकांनी ती ओळ आईला तीनदा वाचून दाखवली आणि पेन्सिलनं तिच्याखाली रेघ मारू दिली. आपण बोललो ते पुस्तकात छापून आलं, याचं आईला इतकं अप्रूप वाटलं की तिनं माझ्या मामाला फोन करून पान नंबर सांगितला.

यानंतर जे घडलं ते मी केलं.

सकाळी सात वाजता मी गेटपाशी कंपनीच्या बसची वाट बघत होतो. मोटरसायकलवरून एक अतिशय नम्र माणूस आला. ठेकेदाराचा माणूस. "दादा, दवाखान्याचं काम झालं. नागरिकांचा अभिप्राय लागतो. तुमची एक सही." समोर बस येऊन थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मागून आणखी कुणीतरी दिला. टाकीवर कागद ठेवून मी सही केली. 'काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे.' खाली नाव, हुद्दा, वर सोसायटीचा शिक्कासुद्धा. शिक्का बॅगेत असतो, कारण घरी विसरेन अशी मला भीती वाटते.

त्या गुरुवारी मी कंपनीतून लवकर परतलो होतो. आई दवाखान्यातून आली आणि खुर्चीत टेकली. "रेलिंग एकाच बाजूला आहे रे. जाताना उजव्या हाताला येतं, धरून चढले. येताना तेच डावीकडे. डाव्या हातानं काय धरू? अर्ध्यात थांबले. शकील रस्त्यावरून धावत आला म्हणून उतरले."

मी तिला पाणी दिलं आणि उगाच पंख्याचा स्पीड वाढवला.

शकीलभाईनं सांगितलं आणि तासाभरात काका टेप घेऊन दवाखान्यात. संध्याकाळी त्या एकट्या रेलिंगला लाल टॅग. काकांना मी बऱ्याच गोष्टींवर चिडलेलं पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "ऑफिसात विचारून आलो. म्हणायलेत काम पूर्ण, नागरिकाची सही हाय. कुणाची, ते फाइलीत. सोमवारी फाइल दाखवतो म्हणालेत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "न बघता सही करणारा मानूस मला एकदा बघायचाय."

तो माणूस त्यांच्यासमोर इडलीचं पार्सल घेऊन उभा होता.

रविवार उजाडेपर्यंत मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. लिफ्टमध्ये काका भेटतील म्हणून पाच मजले जिन्यानं चढलो. गाडी मागच्या गल्लीत लावली. शुक्रवारी घरून काम घेतलं आणि दिवसभर दाराच्या होलमधून पाहिलं. ठेकेदाराच्या त्या माणसाला फोन केला, तर तो नम्रपणे म्हणाला, "दादा, सही तुमची आहे." शनिवारी आई म्हणाली, "पुढच्या गुरुवारी नाही जात मी. गोळ्या आहेत चार दिवसांच्या." चारच होत्या, मी मोजल्या; बुधवारी संपणार. सत्तरी ओलांडलेली बाई आपल्या मुलाच्या सहीमुळे घरात बसणार होती आणि तिला ते माहीतही नव्हतं. मला स्वतःची चीड आली, पण त्याहून जास्त सोमवारची भीती वाटत होती.

रविवारी सकाळी, वर्गाच्या आधी, मी चौरे काकांची बेल वाजवली. एकदाच.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली, मुलगी बंगळूरला असते. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला लेबल, त्यावर आणल्याची तारीख. काका चहाला पाणी मोजत होते. मी दारातच उभा राहून बोलून टाकलं. "काका, ती सही माझी आहे. मी काम पाहिलं नव्हतं."

मला वाटलं, आता बिल्डिंग हादरणार. काकांनी गॅस बंद केला.

"घाईत होताव का?"

"बस आली होती. हॉर्न देत होता."

"हां," काका म्हणाले. "बस." आणि हळूच खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "माझी पण बसच होती."

ते सांगत गेले तसं मी दाराला टेकलो. मुलगी दुसरीत होती. दुपारी तिचं गॅदरिंग, ती मोर होणार होती. पहिली शिफ्ट संपत आलेली, फाटकावर बस हॉर्न देत होती आणि तपासायची एक क्रेट शिल्लक होती. ब्रेकच्या पिना. बोटाएवढी एकेक. सकाळपासूनचा सगळा माल बरोबर निघाला होता. काकांनी त्या क्रेटला गेज न लावता, माप न घेता हिरवा टॅग बांधला, खाली सही केली आणि पळत बस पकडली.

"मोर बघितला का?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"बघितला की. पहिल्या रांगेत बसून. पन ध्यान सगळं क्रेटकडं. दुसऱ्या दिवशी गेलो तर मालाची गाडी भरून गेली होती. सायबाला सांगावं म्हणलं, पाय उचलंना. मग उद्या सांगू, उद्या सांगू..."

"काही झालं का पुढे?"

"तेच तर माहीत न्हाई ओ. शंभर टक्के माल बरोबरच असंल. असंल. पन मी बघितला न्हवता." काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्या मॉडेलची गाडी रस्त्यात दिसली की मी थांबतो. चालवनाऱ्याच्या मागं लेकरू बसलेलं असलं तर वळणापस्तोर बघत ऱ्हातो. आमच्या हिला पन कधी सांगितलं न्हाई. सांगायचं सांगायचं म्हणता ती गेली."

आम्ही इतकी वर्षं ज्याला काकांचं खूळ म्हणत होतो, ते मला त्या क्षणी समजलं. मीच गॅस पेटवून चहा ठेवला. त्या रविवारी वर्ग भरला नाही. शकीलभाई खालून दोन हाका मारून गेला.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकट्यानं जायचं धैर्य नव्हतं, काका बरोबर आले. रिक्षात अर्ज मी तीनदा वाचला. 'मी काम न पाहता सही केली होती. माझा अभिप्राय मी मागे घेत आहे. रेलिंग एकाच बाजूस आहे.' क्षेत्रीय कार्यालयातल्या बाईंनी तो वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला घाम फुटला.

"मागे घेताय? असं कुणी करत नाही."

"चालत नाही का?" माझा आवाज चिरकला.

"चालतं ना. का नाही चालणार? हा फाइलला लागला की बिल थांबेल. दुसरी बाजू केल्याशिवाय मिळायचं नाही त्याला." त्यांनी माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारला, तारीख घातली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. मला इतकं हलकं वाटलं की आईला फोन लावायलाही विसरलो.

बाहेर येऊन मी रिक्षा शोधत होतो. काका मागेच राहिले होते. वळून पाहिलं तर ते फाटकाशी उभे होते. माझ्याकडची प्रत त्यांनी मागून घेतली होती आणि दोन्ही हातांत धरून वाचत होते.

"काका, चला ना."

"आलो," ते म्हणाले, पण हलले नाहीत. त्यांचं बोट त्या शिक्क्यावर होतं. "सही मागं घेता येती होय ओ? मला तवा कुणी सांगितलंच न्हाई."