हवालदारआबांची पितळी दुर्बीण

बांधावर मडकं ठेवलं, तर अंथुर्ण्याचे आमचे हवालदारआबा मडक्यावर नेम धरत नसत. वीतभर डावीकडे, रिकाम्या हवेवर धरत. गोळी मात्र मडक्यालाच लागे.

कारण त्यांच्या रायफलीवरची जुनाट पितळी दुर्बीण. लढाईवरून येताना ती त्यांनी वळकटीतून आणली. कशी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ती मूळची दुसऱ्याच बंदुकीची. उसातल्या रानडुकरांसाठी घेतलेल्या परवान्याच्या रायफलीवर आबांनी ती लोहाराकडून बसवून घेतली. साहजिकच गोळी उजवीकडे जायची. दुर्बिणीचा पेच फिरवला की काम भागतं, हे शाळामास्तर असून मलाही कळत होतं. तसं म्हटलं की आबा उसळत.

"पेचाला हात लावायचा न्हाय! तुमाला काय कळतंय, मास्तर?"

हे मी दिवसातून चारदा ऐकायचो. चहा गोड झाला, चहावालीला काय कळतंय. एस.टी. उशिरा आली, डायव्हरला काय कळतंय. स्वतः सरळ नेम धरायचा नाही आणि अक्कल गावाची काढायची! माझा अगदी तिळपापड व्हायचा.

त्यात बारामतीला नेमबाजीची स्पर्धा निघाली. दुर्बीण चालेल, असं पत्रकात होतं. आबांनी नाव दिलं आणि मला ओढून नेलं. तिथे पुण्याचे हौशी शिकारी कोऱ्या विलायती दुर्बिणी मिरवत होते. एकानं विचारलं, "हे काय, बंबाची तोटी?" आबा त्याच्या अंगावर धावले, मी मधे पडलो, आणि तेवढ्यात घात झाला.

तपासणीचे पंच भले गृहस्थ होते. तपासणीला दिलेल्या आबांच्या रायफलीतून त्यांनी दोन-चार गोळ्या झाडून पाहिल्या, दुर्बीण चुकतेय हे ओळखलं आणि पेच फिरवून ती बिनचूक करून ठेवली. उपकार सांगू नयेत, म्हणून बोललेही नाहीत.

आबांनी सवयीनं डावीकडे नेम धरला. पाचही गोळ्या बोराएवढ्या जागेत लागल्या. फक्त ती जागा निशाणापासून वीतभर डावीकडे होती. मांडवभर हशा. पंच धावत आले. "हवालदार, दुर्बीण मी नीट केलीय! आता सरळ नेम धरा, दुसऱ्या फेरीत पहिला नंबर तुमचाच."

"कुणी सांगितलं हुतं?" आबा ओरडले. "किती फिरवला?"

पंचांनी मोजलं नव्हतं. आबांनी पेच चिमटीत धरला, जरासा उलटा फिरवला, थांबले. मग रायफल खोळीत घालून चालू लागले. एस.टी.त मी पुरता भडकलो होतो. "हातची स्पर्धा घालवलीत, आबा! एका पेचापायी?"

"किसनानं जुळवून लावला हुता त्यो," आबा म्हणाले. "निरवांगीचा. लढाईत माझ्या शेजारी हुता. पेच लावला, 'आता बघ' म्हनला, अन् डोकं वर काढलं. गोळी लागली. त्याच्यामागनं त्या पेचाला कुणाचा हात लागू दिला न्हवता मी."

माझी मलाच लाज वाटली.

अंथुर्णे आलं, पण आबा उतरले नाहीत. "निरवांगीला जातो. त्याच्या आईला सांगाय पायजे." मीही बसून राहिलो.

किसनाची आई ओट्यावर शेंगा फोडत होती. गावाला दरडावणारा माणूस रायफल खोळीतून काढून तिच्यापुढे उकिडवा बसला. "मावशी, किसनाचा पेच फिरला. माझं ध्यान न्हवतं."

म्हातारीनं दुर्बिणीवरून हात फिरवला. मग तोच हात आबांच्या तोंडावरून फिरवला.

"फिरंना का," ती म्हणाली. "सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाय?"

ती भाकरी आणायला आत वळली, तेव्हा आबा रडायला लागले.