'मु' टाइप केल्यावर

मुलांची हजेरी बघायची म्हणून भूगोलाच्या बाईंनी शाळेच्या नव्या पोर्टलवर 'मु' एवढंच टाइप केलं आणि त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "अय्या, हे काय?"

शिक्षकांच्या खोलीत त्यांचं 'अय्या' ऐकून कुणी मान वर करत नाही. खडू मोडला तरी त्या अय्या म्हणतात. पण शेजारी निबंध तपासत बसलेल्या उपसरांनी सहज पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लाल पेनने एका निरपराध निबंधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. शोधपेटीच्या खाली, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत एक ओळ उमटली होती: 'मुख्याध्यापिका निवृत्त कधी होणार'.

"मी फक्त 'मु' टाकलं हो," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "पुढचं यानेच लिहिलं."

पुढचं उपसरांनी लिहिलं होतं.

उपसर म्हणजे उपमुख्याध्यापक. हे पद कुणाच्या तोंडात मावत नसल्यामुळे शाळेने त्याचा पुढचा तुकडा तेवढा वापरात ठेवला होता. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, या वर्षी निवृत्त होणार की संस्था त्यांना मुदतवाढ देणार, याची कुणालाच खात्री नव्हती. त्या गेल्या तर खुर्ची उपसरांची, हे मात्र न बोलता ठरलेलं होतं. पोर्टल आलं तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला होता, "हजेरी, गुण, परिपत्रकं, सेवेचे नियम, सगळं आत आहे. वर ही शोधपेटी. विचाराल ते सापडेल." उपसरांनी विचारलं. सापडलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुढे पुढे लोक सकाळी खिडकीतून आभाळ बघतात तसं ते पहिल्या तासाआधी रोज एकदा विचारायला लागले. यंत्र दर वेळी अदबीने सांगायचं, 'काही आढळले नाही.' ही गोष्ट आपल्यात आणि यंत्रात राहील, असा त्यांचा समज होता.

"पासवर्ड सर, इकडे या जरा," उपसरांनी संगणकाच्या शिक्षकाला हाक मारली. अख्खी शाळा त्यांच्याकडे फक्त विसरलेले पासवर्ड विचारायला जायची, म्हणून हे नाव.

पासवर्ड सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि खूश झाले. "वा, शिकायला लागलं की! ही सगळ्या शाळेची शोधपेटी आहे ना. एकाने शोधलं की दुसऱ्याला सुचवते. जे जास्त शोधलं जातं ते वर."

"आणि कुणी शोधलं ते कळतं का?" उपसरांनी विचारलं. डॉक्टरांना 'तसं काही काळजीचं नाही ना' विचारताना जो बेफिकीर सूर लावतात, तो लावून.

"नाव नाही कळत. गट कळतो. शिक्षक, पालक, अमुक इयत्ता."

"मग काढून टाका ना ते. बरं दिसत नाही."

"काढता येतं की. अर्ज करायचा. कुठली ओळ काढायची, का काढायची आणि अर्जदाराचं नाव. मग तो मंजुरीला जातो."

"कुणाकडे?"

"मोठ्या बाईंकडे."

उपसर पाणी प्यायले. पासवर्ड सर म्हणाले, "शुक्रवारच्या आत बघायला हवं पण. संस्थेचे अध्यक्ष येणारेत, मोठा पडदा लावायचाय. बाई स्वतः पहिला शोध घेऊन उद्घाटन करणार आणि मग लगेच ती सभा."

ती सभा म्हणजे पुढचा मुख्याध्यापक ठरवायची सभा. हे खोलीत सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळे उपसरांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

"बाई काय शोधणार आहेत?"

"'मुख्य सूचना'. मीच सुचवलं. सोपं आहे."

"एवढी बाराखडी पडली असताना," उपसर दातांवर दात ठेवून म्हणाले, "तुम्हाला दुसरं अक्षर नाही मिळालं?"

मधल्या सुट्टीत उपसरांनी प्रयोगशाळेमागच्या बोळात उभं राहून कंपनीला फोन लावला. आपला कॉल ध्वनिमुद्रित होत आहे, असं आधी एका यंत्राने सांगितलं, मग एक मुलगी आली.

"कोणती ओळ काढायचीये, सर?"

उपसर कुजबुजले.

"आवाज येत नाहीये, सर. जरा मोठ्याने."

"मुख्याध्यापिका निवृत्त कधी होणार!" उपसर ओरडले. त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी फायली घेऊन चाललेले हेडक्लार्क थबकले. "मलाही कुणी सांगितलेलं नाही, सर," ते हळहळून म्हणाले आणि पुढे गेले.

"नोंद केली, सर. आता मुख्याध्यापिकांना फोन देता का? त्यांचा होकार लागेल."

"त्या तासावर आहेत."

"मग दुसरा उपाय सांगते. 'मु'वरून दुसरं काहीतरी भरपूर शोधा. ती ओळ आपोआप खाली जाईल. पण एका माणसाचा शोध दिवसातून एकदाच धरला जातो हं. जास्त माणसं लागतील."

संध्याकाळी जेवताना उपसरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सरळ जा आणि बाईंना सांगून टाका, चुकून टाइप झालं म्हणून."

"रोज?"

बायकोने भाजीचा डाव पातेल्यात ठेवला. "रोज विचारत होतात? अहो, लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांना एवढं विचारलं नाहीत."

"तू आता माणसं कुठून आणायची ते सांग."

"शाळेत काम करता ना? माणसांना काय तोटा?"

हे वाक्य तिने टोमण्याच्या सुरात म्हटलं होतं. उपसरांनी ते उपाय म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गाला, नववी 'ब'ला, संगणक कक्षात नेऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'पोर्टलवर "मुलांची हजेरी" शोधा.' मुलं कामाला लागली. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. त्यांनी खडू पुन्हा उचलला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'मु टाइप केल्यावर जी पहिली ओळ दिसेल, तिच्यावर कुणीही अजिबात क्लिक करायचं नाही.'

जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाने नववीच्या वर्गाला 'अजिबात करायचं नाही' असं लेखी द्यावं, याचं नवल त्यांना स्वतःलाही नंतर बराच काळ वाटत राहिलं. मग सगळीकडून एकदम, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, क्लिकांचा आवाज झाला.

"सर, काही आढळले नाही म्हणतंय," मागच्या बाकावरून आवाज आला. "पण खाली विचारतंय, 'आपल्याला असे म्हणायचे होते का: मुख्याध्यापिका निवृत्त का होत नाहीत?' हो म्हणू का, सर?"

हा दुसरा प्रश्नही उपसरांचाच होता. एका कडू सोमवारी एकदाच विचारलेला. यंत्र काहीही विसरत नव्हतं.

मुलं घरी गेली. घरी मुलांना आई-वडील असतात, आणि शाळेने आई-वडिलांनाही पोर्टल दिलं होतं. 'सरांनी ज्याच्यावर क्लिक करू नका म्हटलं ते बघ' एवढं निमंत्रण पुरेसं होतं. रात्रीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर 'बाई जाणार आहेत का हो?' सुरू झालं. उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून प्रत्येक जण पोर्टलला विचारत होता. गुरुवारी 'मु' लिहायचीही गरज उरली नाही, 'म'वरच ओळ यायला लागली. दुपारी पासवर्ड सर कौतुकाने सांगायला आले की आता काहीच लिहावं लागत नाही. 'आज सगळे शोधत आहेत' या मथळ्याखाली ती पहिल्या पानावरच झळकते आहे.

"मोठ्या बाईंनी पाहिलं?" उपसरांनी विचारलं.

"त्या कुठे उघडतात? हेडक्लार्क त्यांना छापून देतात. काल ते मलाच विचारत होते, पान लहान करून छापू का म्हणून."

शुक्रवारी सकाळी उपसर मोठ्या बाईंच्या दारात उभे राहिले. बाई चष्मा पुसत होत्या.

"बाई, उद्घाटनाला 'वेळापत्रक' शोधलंत तर?"

"का? 'मुख्य सूचना'ला काय झालं?"

"काही नाही. 'वे' हे अक्षर जरा... मोकळं वाटतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांना नीट पाहिलं. "उपसर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? घाम किती आलाय. बसा त्या पंख्याखाली. आज तुम्ही हवेत मला सभेत."

शेवटचं वाक्य ऐकून उपसरांना पंख्याखालीही घाम आला.

सभागृह भरलं होतं. पुढे अध्यक्ष, मग शिक्षक, पालकांचे प्रतिनिधी, आणि पडद्याशेजारी टाय लावलेला कंपनीचा माणूस. मोठ्या बाई संगणकापाशी गेल्या. पडद्यावर पहिलं पान नव्हतं, नुसती शोधपेटी मोठी करून ठेवली होती. त्यांनी एका बोटाने 'म' शोधला. सापडला. दाबला.

पडद्यावर, हातभर उंचीच्या अक्षरांत, ओळ उमटली.

अध्यक्षांनी ती मोठ्यांदा वाचली, कारण समोर दिसलेलं काहीही मोठ्यांदा वाचायची त्यांना सवय होती. मोठ्या बाईंचं बोट तसंच वर राहिलं. उपसरांनी दाराकडे पाहिलं. मध्ये पालकांची सलग रांग होती.

"हे कुणी लिहिलं?" अध्यक्षांनी विचारलं.

कंपनीच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे पर्वणी वाटली. "एकाने नाही, सर, शेकडो लोकांनी! हेच तर आमचं वैशिष्ट्य." त्याने एक बटण दाबलं आणि पडद्यावर आलेख आला. बरेच दिवस आडवी पडलेली रेघ बुधवारी एकदम जागी होऊन भिंतीला शिडी लावावी तशी सरळ वर गेली होती. "बघा, शिक्षक आहेत, पालक आहेत. आणि सुरुवात इथून. एका तासात अख्खा वर्ग. नववी 'ब'."

"नववी 'ब' कुणाची?"

सगळ्या माना एका दिशेला वळल्या. उपसर उभे राहिले.

"सर, मी खुलासा..."

"एक मिनिट, सर," कंपनीचा माणूस म्हणाला. "यामागची भावनाही आमचं पोर्टल ओळखतं." त्याने आणखी एक बटण दाबलं. आलेखाखाली अक्षरं आली: 'प्रमुख भावना: चिंता. तीव्रता: अति.'

अध्यक्ष बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं ही संस्था चालवतोय. माणूस गेल्यावर लोक चौकशी करतात. जायच्या आधीच एवढी चिंता मी पाहिली नव्हती. लेकरांनासुद्धा!" ते उपसरांकडे वळले. "आणि तुम्ही! उद्या तुमचीच पाळी असताना तुमच्याच वर्गाने बाईंसाठी टाहो फोडावा, याला मोठं मन लागतं. आता सभेत चर्चा कसली करायची? बाईंना दोन वर्षं मुदतवाढ. ठराव तुम्ही मांडायचा. तुमचाच मान आहे."

"माझा... पाठिंबा आहे," उपसर कसेबसे म्हणाले.

"पाठिंबा कसला देता? मांडा!"

उपसरांनी मांडला. त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी गिळायची गोळी बाहेर काढावी तसा काढला. भूगोलाच्या बाईंनी 'अय्या, अनुमोदन' म्हटलं. सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. पालकांमधल्या एक-दोघींना तर रडू आलं. मोठ्या बाई अजून संगणकापाशीच उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, टाळ्या ऐकल्या आणि मिटलं.

सभा संपल्यावर त्यांनी उपसरांना आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"उपसर, हे काय करून बसलात?"

"बाई, मी खरं सांगतो. तो पहिला शोध..."

"माझा होता."

उपसरांनी बंद दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"पोर्टल आलं त्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "म्हटलं, नियम आत टाकलेत तर बघावं, मला नेमकं कधी सोडणार. काही आढळलं नाही. परत उघडलं नाही मग. लेकीला दिवस गेलेत माझ्या. बाळंतपणाला येते आणि तिकडेच राहते, असा शब्द दिलाय तिला. आज सभेत उठून सांगणार होते, मला मोकळं करा आणि उपसरांना बसवा. तुमचं नाव घ्यायचं म्हणून तर सभेत हवेत म्हटलं सकाळी. तोंड उघडते तोवर तुम्ही ठराव मांडून मोकळे!"

"मग तुम्ही नाही म्हणायचं ना, बाई!"

"कसं म्हणणार? बाया रडत होत्या समोर."

बाहेर व्हरांड्यात अध्यक्ष कुणाला तरी नववी 'ब'ची गोष्ट सांगत होते.

"लेकीकडे तर मी जाणार," बाई शेवटी म्हणाल्या. "मध्येमध्ये येऊन सह्या करीन. बाकी तुम्ही बघायचं."

"बाकी म्हणजे?"

"सगळं. प्रवेश, परीक्षा, पालक, अध्यक्ष. शाळा चालवायची. दोन वर्षं."

म्हणजे मुख्याध्यापकाचं सगळं काम. उपसरांनी हळूच टेबलामागच्या उंच पाठीच्या खुर्चीकडे पाहिलं. एवढं वाईट काही झालं नव्हतं, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

"मग बाई," ते जरा सावरून म्हणाले, "मी बसू कुठे?"

बाईंनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या स्टुलाकडे बोट केलं.

"तिथे. खुर्ची माझी आहे. तुम्हीच तर ठराव मांडलात."