ठिपका गोल असल्याचा ठराव

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात आमच्या बारा जणांच्या शिकारी कॅम्पचं एक लाकडी घर आहे आणि त्या घराला लेखी नियमावली आहे. नियम सहा : सलग तीन मोसम ज्याला हरीण मिळालं नाही, त्याने रायफल खुंटीला टांगून कायमचं स्वयंपाकघर सांभाळावं. नियम नऊ : ज्याची नजर अधू, त्याने तीन मोसम वाट न बघता आजच स्वयंपाकघरात जावं. नजर ज्याची त्याने प्रमाणित करायची असल्यामुळे एकोणीस वर्षांत अधू नजरेचा एकच सभासद सापडला. तो क्लेटस. एकदा चष्मा लावून आला आणि पकडला गेला.

आमच्यातल्या एल्डन ह्रुस्काचे दोन मोसम कोरडे गेले होते. एकसष्टाव्या वर्षी रायफलच्या नळीवरची पुढची खूण आणि मागची खाच त्याला एका वेळी दिसेनात. म्हणून त्याने पाच पौंडांची हलकी रायफल घेतली आणि तिच्यावर एक औंसाची, इवलीशी रेड डॉट साइट बसवली. काचेतला लाल ठिपका हरणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा, एवढंच काम.

घरी त्याने काचेतून पाहिलं. ठिपक्याच्या जागी चिरडलेली स्ट्रॉबेरी होती.

त्याची बायको लोरेटा म्हणाली, “रायफल आडवी कर. स्ट्रॉबेरी फिरली का?”

“नाही.”

“मग ती काचेत नाही, तुझ्या डोळ्यात आहे. सिलिंडरचा नंबर असणार. चष्मा कर.”

“चष्मा? त्यापेक्षा आत्ताच क्लेटसच्या हाताखाली भांडी घासायला जातो ना!”

ऑक्टोबरात आम्ही छप्पर दुरुस्तीला जमलो, तेव्हा एल्डनने अध्यक्ष मर्ल योस्टच्या हातात रायफल दिली. “बघ रे, ठिपका कसा वाटतो?”

मर्लने पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. “गोल.”

पुढचा म्हणाला, “गोलच की!” त्याच्या पुढचा म्हणाला, “अगदी कंपासने काढल्यासारखा!” मी कॅम्पचा चिटणीस. मला द्राक्षांचा घड दिसला. मी ‘गोल’ असं लिहून घेतलं. ठिपका गोल असल्याचा ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. एल्डननेही बाजूने मत दिलं. क्लेटसला मताधिकार नव्हता. त्याच आठवड्यात बाकी दहा जणांनी तीच साइट मागवली.

ठिपका अधिकृतपणे गोल ठरल्यावर एल्डनकडे फक्त तांत्रिक उपाय उरले. त्याने साइटच्या मागे भिंग बसवलं. स्ट्रॉबेरी टरबुजाएवढी झाली. टरबूज हलू लागलं म्हणून नळीखाली दोन पायांचा स्टँड आला. हलकी रायफल साडेनऊ पौंडांची झाली. साइट मात्र अजूनही एक औंसाचीच होती आणि हे तो सर्वांना आवर्जून सांगायचा.

मोसमाच्या पहिल्या दिवशी साठ पावलांवर नर उभा राहिला. हरीण एक, ठिपके तीन. एल्डनने लोकशाही पद्धतीने मधला निवडला. बार झाला. हरणाने त्याच्याकडे पाहिलं, तोंडातलं ओकचं फळ चावून संपवलं आणि ते निघून गेलं.

नेम चुकलेल्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून भिंतीवर ठोकायची आमच्याकडे रीत आहे. मोसम संपता संपता भिंतीवर अकरा शेपट्या लागल्या. हरीण एकच मिळालं. बटाट्याची सालं टाकायला मागे गेलेल्या क्लेटसने खुंटीवरची वडिलांची जुनी रायफल काढून ते पाडलं होतं.

“तुला दिसलं कसं?” मर्लने जरबेने विचारलं.

“चष्म्यातून.”

अधू नजरेच्या सभासदाला हरीण दिसणं नियमात बसत नव्हतं. म्हणून त्याचं अपघाती निधन झाल्याची नोंद करून आम्ही ते खाल्लं.

जेवण झाल्यावर एल्डनचा नियम सहा निघाला.

क्लेटस म्हणाला, “एल्डन, एकदा खरं सांगून टाक. ठिपका कसा दिसतो? नंबर काढून देणारी बाई चांगली आहे, मी नेतो तुला.”

एल्डन ‘वाकडा’ म्हणाला असता, तर ठराव पडला असता आणि नियम नऊ सगळ्यांनाच लागला असता. दहा जणांच्या नजरा, जशा होत्या तशा, त्याच्यावर खिळल्या.

“गोल,” एल्डन म्हणाला आणि त्याने एप्रन बांधला.

तुम्ही हसताय. हसा. पण हा कागद तुम्ही डोळ्यांपासून किती लांब धरलाय, तेवढं सांगा. नेहमीइतकाच? छान. तसंच लिहून घेतो.