सावरीने ग्रहणात काय तोडलं?

एका जंगलात, म्हणजे आपल्या इथल्या नाही हं, खूप लांबच्या, चितळांचा एक कळप राहत होता. बाळांनो, त्या जंगलात सगळं होतं. गवत होतं, जांभळाची झाडं होती, तळ्याकाठी बगळे डॉक्टरांचा दवाखाना होता. आणि नदीच्या वाटेवर कोळसुंदे होते. कोळसुंदे म्हणजे लाल रानकुत्रे.

त्या कळपात सावरी नावाची हरणी होती. नवी सून. तिला पहिलं पाडस झालं, मुलगी. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव ठेवलं कवडी. कवडीचं सगळं छान होतं, फक्त मागचा उजवा पाय आत वळलेला होता. खूर जमिनीला टेकायचा सोडून दुसऱ्या पायाकडे बघायचा.

सावरी घाबरली. घाबरणारच. उन्हाळ्यात गवत वाळलं की कळप नदीकडे जातो, आणि ती वाट कोळसुंद्यांच्या दारावरून जाते. तिथे सगळ्यांना पळावं लागतं. पळता आलं नाही तर काय होतं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला आहात.

सावरी सासूला म्हणाली, "आत्याबाई, हिला बगळे डॉक्टरांकडे नेऊ या."

"नेऊ की," आत्याबाई म्हणाल्या. "पण आधी हे झालं कशानं ते तर कळू दे. तू ग्रहणात काय तोडलंस?"

त्या कळपात एक रीत होती. पोटुशी हरणीने ग्रहणात गवताची काडी तोडायची नाही. पाय मुडपून बसायचं नाही. अंग खाजवायचं नाही. नुसतं उभं राहायचं. काडी तोडली तर पाडसाचा कान तुटतो, पाय मुडपला तर पाय वळतो, असं सगळे सांगायचे. कोणी पाहिलं होतं असं नाही, पण सांगायचे सगळे.

"मी काहीच तोडलं नाही, आत्याबाई."

"मग पाय काय आपोआप वळला?"

सावरीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याची शिंगं कळपात सगळ्यांत मोठी होती. पण आई बोलायला लागली की तो ती शिंगं झाडाला घासत बसायचा. तो घासत बसला.

मग जांभळाखाली सभा भरली. शिंगाळे अण्णा अध्यक्ष. कुठलीही सभा असो, अण्णाच अध्यक्ष असायचे. ग्रहणाचं बघायला घुबडभटांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, मान पूर्ण मागे फिरवली आणि म्हणाले, "या वर्षी ग्रहणच नव्हतं."

सावरीला वाटलं, सुटले बाई.

घुबडभटांनी घसा खाकरला. "म्हणजे आपल्याकडे दिसलं नाही. दुसरीकडे कुठेतरी असेलच."

"हां!" सगळे एकदम म्हणाले. "आणि हिचं माहेर दुसरीकडेच आहे!"

चौकशी समिती नेमली गेली. समितीने तोडलेलं गवत शोधायचं ठरवलं. हरणांच्या जंगलात तोडलेलं गवत! ते सापडलं. भरपूर सापडलं. एकेक काडी हुंगून बघायची म्हणजे वेळ लागणारच, असं अण्णा म्हणाले, आणि समिती कामाला लागली. कामात तिचं वजनही वाढलं.

इकडे कवडी उभी राहायची आणि पडायची. पुन्हा उठायची आणि पुन्हा पडायची. तिला वाटायचं हा खेळच आहे. ती हसायची. सावरीला हसू येत नव्हतं.

एक दिवस पाणी प्यायच्या निमित्ताने सावरी कवडीला घेऊन तळ्यावर गेली. दवाखान्यात गर्दी होती. हत्तीची टाच दुखत होती, कारण तो दिवसभर कातळावर उभा राहायचा. मोराची बोटं एकमेकांवर चढली होती, कारण नाचताना पाय नाजूक दिसावेत म्हणून त्याने अरुंद जोडे घातले होते. रानडुकराच्या खुरात कुजलं होतं, कारण त्याला पाय धुवायचा कंटाळा होता. बगळे डॉक्टर त्यांना सांगत होते, "मऊ जागेवर उभे राहा. जोडे काढा. पाय धुवा, कोरडे करा." तिघंही तोंड वाकडं करून गेले. त्यांना औषध हवं होतं.

डॉक्टरांनी कवडीचा पाय चोचीने हळूच हलवून पाहिला.

"डॉक्टर, माझ्यामुळे झालं का हे?" सावरीने आधी हेच विचारलं.

"नाही हो. काही पाडसांचा पाय पोटातच असा वळतो. का वळतो ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण आईने काही केलं म्हणून वळत नाही."

"मग सरळ होईल?"

"होईल. आत्ता हाडं कोवळी आहेत. दर आठवड्याला हलक्या हाताने थोडा सरळ करायचा आणि चिखलाचं प्लास्टर घालायचं. पुढच्या आठवड्याला ते काढून आणखी थोडा. टाचेची शीर आखडलेली असली तर एक बारीकसा छेद. पाय सरळ झाला की मग बूट, मधे काठी लावलेले. आधी दिवसरात्र, नंतर झोपताना. ते मात्र बरीच वर्षं. सरळ झाला म्हणून सोडलं की पुन्हा वळतो."

"दुखेल का तिला?"

"रडेल थोडी. तुम्ही जास्त रडाल."

सावरी तेव्हाच रडायला लागली होती. "मग आजच घाला."

"घालीन, आज नाही. पण दर आठवड्याला यायचंय, चोरून जमणार नाही. घरच्यांना सांगून या. आणि लवकर या. उशीर झाला की हाडं घट्ट होतात."

सावरी धावत घरी आली आणि सगळं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "जो स्वतः दिवसभर एका पायावर उभा राहतो, तो दुसऱ्याचा पाय काय बघणार? आणि कारणच माहीत नसताना उपाय? अण्णांची चौकशी संपू दे."

चौकशी संपत नव्हती. गवताची टोकं पिवळी पडायला लागली होती. सावरी रोज कवडीचा पाय हातात घ्यावा तसा जिभेवर घ्यायची आणि बघायची, अजून मऊ आहे ना. तिला झोप लागेना. बाळांनो, आईला झोप लागेनाशी झाली की तिला काय सुचेल ते सांगता येत नाही.

पुढच्या सभेत अण्णांनी विचारलं, "समितीला आणखी मुदत हवी आहे. कोणाची हरकत?"

सावरी उभी राहिली. "मी तोडलं," ती म्हणाली.

"काय तोडलं?"

"गवत. कोवळं."

"कधी?"

"ग्रहणात. माहेरच्या."

सभेला काय आनंद झाला! अण्णा पुढे सरसावले. "आणि पाय मुडपला होतास?"

"मुडपला होता."

"कोणता?"

"मागचा उजवा."

"बघा! आणि अंग?"

"खाजवलं. तेही खाजवलं."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी सून खोटं बोलत नाही हो," त्या शेजारणीला म्हणाल्या. "आधीच बोलली असतीस तर एवढा त्रास झाला असता का, माझ्या बाई?"

"आता प्रायश्चित्त," अण्णा म्हणाले.

सावरीने ते तयारच ठेवलं होतं. "दर आठवड्याला तळ्यावर जाईन. लेकीच्या पायाला चिखल लावून घेईन. तोही बगळ्याच्या हातून. तो एका पायावर तप करतो ना."

"वा!" घुबडभट म्हणाले. "हे मीच सुचवणार होतो."

अशी कवडीची ट्रीटमेंट सुरू झाली. दर आठवड्याला प्लास्टर. कवडी रडायची, सावरी जास्त रडायची, आत्याबाई त्याहून जास्त. नवरा शिंगं घासणं सोडून कवडीला पाठीवर घ्यायला शिकला. पाय थोडा सरळ झाला, मग आणखी थोडा. शेवटी खूर जमिनीला टेकला. मग काठीचे बूट आले.

सगळं झालं असं वाटलं ना? मलाही वाटलं असतं. पण बूट घातले की कवडी भोकाड पसरायची. आत्याबाईंना बघवेना. "पाय सरळ झाला ना? मग लेकराला बेडी कशाला?" असं म्हणून त्या सावरी झोपली की बूट काढून ठेवायच्या. प्रेमानेच हो. आणि पाय हळूच आत वळायला लागला.

एका रात्री सावरीला जाग आली आणि तिने ते पाहिलं. डॉक्टरांचं सांगून उपयोग नव्हता, ते तिला आता कळलं होतं. ती आत्याबाईंच्या कानाशी गेली. "आत्याबाई, प्रायश्चित्त अर्धवट सोडलं ना, तर दोष परत येतो म्हणतात. बघा, यायला लागला."

आत्याबाई दचकल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः कवडीला नवं प्लास्टर घालून आणलं. पुढे बूटही त्याच बांधायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. बांधताना मंत्र म्हणायच्या. सावरी म्हणू द्यायची. गाठ चांगली घट्ट बसायची.

उन्हाळा आला. तोवर बूट फक्त झोपताना घालायचे उरले होते. कळप नदीकडे निघाला. वाटेत कोळसुंद्यांनी शीळ घातली. ते शीळ घालतात, खरंच. सगळे पळाले. सावरी पळताना मागे बघत होती, पण मागे कवडी नव्हती. मग समोरून आवाज आला, "आई, चल ना गं!" कवडी पुढे होती.

मागे राहिले ते शिंगाळे अण्णा. त्यांच्या खुरात कधीपासून एक काटा होता. तो वाटेत कोणी टाकला याची चौकशी चालू होती, म्हणून काढला नव्हता. शेपटीचा गोंडा कोळसुंद्यांच्या तोंडात देऊन ते कसेबसे सुटले.

नदीकाठी अण्णांनी भाषण केलं. सावरीने चूक कबूल केली म्हणून पाय सरळ झाला, असं त्यांनी सांगितलं. घुबडभटांचा सत्कार झाला. बगळे डॉक्टर मासे खात होते, त्यांना कोणी बोलावलं नाही.

सभा संपल्यावर एक पोटुशी हरणी सावरीजवळ आली.

"सावरीवहिनी, मी परवाच्या ग्रहणात नुसती उभी होते हो. खरंच काही केलं नाही."

"अगं बाई!" सावरी म्हणाली. "मग आता गं? अजून वेळ आहे, काहीतरी करून ठेव."

तात्पर्य: बाळाचा वाकडा पाय डॉक्टर सरळ करतात, पण आधी आईचं काय चुकलं ते ठरावं लागतं. म्हणून प्रत्येक आईने बाळंतपणाला जाताना दुपटी-लंगोटांबरोबर एक चूकही घडी करून पिशवीत ठेवावी. ऐन वेळी शोधत बसलं तर तोवर हाडं घट्ट होतात.