पाचव्या मूल्याच्या आधी वाजलेला फोन

मूल्यांशिवाय संस्था चालू शकत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. आमची एकतीस वर्षं चालली, पण ती अनवधानानं. आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडते, माणूस आत अडकतो, फोन करतो, आमचा मेकॅनिक जातो, माणूस बाहेर येतो. हे सगळं आपण नेमकं कोणत्या मूल्यांवर करतो, असं मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं.

ताबडतोब मूल्यनिश्चिती समिती नेमली गेली. (सचिव अस्मादिक.) कर्मचाऱ्यांकडून लेखी सूचना मागवल्या. एकूण बासष्ट आल्या. त्यांतल्या एकोणचाळीस जिन्याजवळचा पंखा दुरुस्त करण्याविषयी होत्या, अकरा कागदांवर नुसतंच 'ठीक आहे' लिहिलं होतं आणि उरलेल्या बारा साहेबांच्या मेहुण्यांच्या होत्या. मेहुणे सल्लागार आहेत. (कशाचे, ते गोपनीय आहे.) चार महिने डोकं खाजवून समितीनं मूल्यं निश्चित केली: सचोटी, समन्वय, नवोन्मेष, उत्कृष्टता आणि ग्राहकाभिमुख आपुलकी. ती प्रत्येकाला क्रमानं पाठ हवीत, क्रम चुकला की मूल्यं ढासळतात, असं मेहुण्यांचं म्हणणं पडलं. तोंडी परीक्षा ठरली. नापास होईल त्याची बदली गोदामात.

मेकॅनिक मंडळींनी घडाघडा म्हणून दाखवली. (दोघांनी तळहातावर लिहून आणली होती; ते 'नवोन्मेष' या सदरात ग्राह्य धरलं.)

घोटाळा झाला तो फोनवरच्या ताईंचा. एकोणीस वर्षं तक्रारीचा फोन त्याच घेतात. त्यांना एक वाईट खोड आहे. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या फोन ठेवतच नाहीत, अडकलेल्या माणसाशी गप्पा मारत बसतात. नियमावलीत याला कुठेही आधार नाही. ताईंचे गुडघे गेलेत, आणि गोदामात दिवसभर उभं राहावं लागतं. त्यामुळे बिचाऱ्या आठवडाभर भांडी घासतानासुद्धा मूल्यं घोकत होत्या.

परीक्षेत सुरुवात झकास झाली. "सचोटी, समन्वय, नवोन्मेष, उत्कृष्टता..." आणि फोन वाजला.

"ताई, आधी पाचवं," मेहुणे म्हणाले.

"अहो, थांबा हो जरा!" ताईंनी फोन उचललाच. "कोण, आजोबा? घाबरू नका, मी आहे इथे. आमचा माणूस निघालाय. हातात पिशवी आहे ना? काय काय आणलंत, सांगा बघू एकेक."

आजोबांनी सांगितलं. दोन साबण, एक बल्ब आणि आजींच्या कानात घालायचे थेंब.

"अगंबाई! कोणता कान दुखतोय आजींचा?"

डावा. मग आजींचा डावा कान, तो कधीपासून दुखतो, डॉक्टर काय म्हणाले, आजी ऐकतात का कोणाचं, असं सव्वीस मिनिटं चाललं. शेवटी दार उघडल्याचा आवाज आला, ताईंनी "जपून उतरा" म्हणून फोन ठेवला आणि मेहुण्यांनी शेरा मारला: 'ग्राहकाभिमुख आपुलकी सांगता आली नाही.'

ताई आता गोदामात आहेत. त्यांच्या जागी यंत्र बसवलंय. मेकॅनिक येईपर्यंत ते साहेबांच्या आवाजात पाचही मूल्यं ऐकवतं. सव्वीस मिनिटांत एकशे चार वेळा, म्हणजे दर माणशी मूल्यप्रसारात झालेली वाढ मोजायला आमच्याकडे कोष्टकच नाही.

मागच्या मंगळवारी मी स्वतः तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं अडकलो. दिवा गेला होता. मूल्यं मात्र स्पष्ट ऐकू येत होती. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. हातात पिशवी होती आणि त्यात काय आहे ते कोणीतरी विचारावं, असं फार फार वाटत होतं. (हे अहवालात घेतलेलं नाही.)

तुम्ही हसताय. हसा. पण आता वर न बघता पाचही मूल्यं क्रमानं सांगा बरं. नाही ना येत? आजींचा कोणता कान दुखत होता, ते मात्र झटकन सांगाल. म्हणजे तुम्हीही नापास. सोमवारी नऊ वाजता गोदामात या, ताई काम समजावून सांगतील. खुर्ची मिळणार नाही.